गॅरेट बॅरीची जिग आणि खुद्द गॅरेट बॅरी

लिमरिककर

'सध्या काय ऐकताय' धाग्यावर मी 'गॅरेट बॅरीज जिग' (जिग म्हणजे नाचाची एक आयरिश चाल) टाकली तर तिघाचौघांनी विचारलं की हा बॅरी कोण आणि ते सनईसारखं पण सनई नसलेलं वाद्य कुठलं. तिथं अवांतर नको म्हणून वेगळा धागा काढतोय. लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

गॅरेट बॅरी हा आयर्लंडच्या पश्चिमेला क्लेअर काउंटीत होऊन गेलेला आंधळा पाइपर, म्हणजे पाइप्स वाजवणारा. तुम्ही विचारलंत ते वाद्य हेच, पिशवीतल्या हवेवर चालणारं. जन्म १८४७ चा, गाव आयना. एनिसहून एनिसटायमनला जाताना रस्त्यावरच लागतं, गाडीत जरा डुलकी लागली तर निघून जातं एवढंसं. १८४७ म्हणजे बटाट्याच्या दुष्काळातलं सगळ्यात वाईट वर्ष, इकडे त्याला काळं सत्तेचाळीसच म्हणतात. १८४५ ते ४९ मधे अंदाजे दहा लाख माणसं उपासमारीनं नि तापानं गेली आणि निदान तेवढीच बोटीत बसून देश सोडून गेली, आणि क्लेअर सगळ्यात जास्त होरपळलेल्या भागांपैकी. अशा वर्षी जन्मलेलं पोर जगलं हेच खूप, त्यात लहानपणी देवी येऊन डोळे गेले असं सांगतात. तेव्हा आंधळ्या पोराच्या हातात पाइप्स नाहीतर फिडल (व्हायोलिनच) द्यायची पद्धतच होती, शेतात कामाला येणार नाही तर निदान वाजवून पोट भरेल म्हणून. फ्रान्सिस ओनील म्हणून शिकागोचा पोलीसप्रमुख होता, मूळचा आयरिश, त्यानं १९१३ साली आयरिश वादकांच्या चरित्रांचा जाडजूड ग्रंथ छापला, त्यात असे आंधळे पाइपर सारखे भेटत राहतात.

बॅरीनं जन्मभर तेच केलं. पश्चिम क्लेअरमधे या घरून त्या घरी. ज्या घरी मुक्काम तिथं संध्याकाळी आजूबाजूची माणसं जमणार, चुलीजवळचं सामान बाजूला सरकवणार आणि तिथंच फरशीवर नाच सुरू. लग्नात वाजवायचं, आणि पोरंपोरी अमेरिकेला निघाली की आदल्या रात्री रात्रभर वाजवायचं, त्या रात्रीला ते मयताच्या जागरणासारखंच मानायचे कारण गेलेलं माणूस पुन्हा दिसणार नाही हे सगळ्यांना ठाऊक असायचं.

पण मग नाच करणारी तरुण माणसंच सगळी बोटीनं गेली, उरलेल्यांना कॉन्सर्टिना नि मेलोडियन ही हातात धरायची, पेटीसारखी स्वस्तातली वाद्यं मिळायला लागली, त्यांना पाइप्ससारखी रीडची कटकट नाही, मग पाइपरला कोण विचारतो. १८९९ मधे बॅरी एनिसटायमनच्या वर्कहाउसमधे वारला. वर्कहाउस म्हणजे सरकारी गरीबखाना, नवरा एकीकडे बायको एकीकडे मुलं तिसरीकडे असला, आणि दुष्काळानंतर तर लोक त्याचं नावही घ्यायला घाबरायचे.

आता त्याचं एकही रेकॉर्डिंग नाही. अमेरिकेत तेव्हा पाइपर लोक मेणाच्या सिलिंडरवर वाजवायला लागले होते, पॅट्सी टूही नावाचा पाइपर तर पुढच्या दोनतीन वर्षांत ऑर्डरीप्रमाणे सिलिंडर भरून विकायला लागला. क्लेअरच्या खेड्यात यातलं काहीच पोचलं नव्हतं. मग बॅरीच्या नावाची जिग आज न्यूयॉर्कपासून टोकियोपर्यंत वाजते ती कशी काय? तर एका माणसामुळे जो स्वतः पाइपर नव्हताच. त्याचं पुढच्या प्रतिसादात लिहितो, पोरीला आणायला जायचंय.

गाभुळलेली चिंच

रुमाल टाकून ठेवतेय. असा ऐन रंगात आल्यावर उठून जाऊ नये हो.

पेटीवाला

मस्त सुरुवात. मी ती जिग काल चारपाच वेळा ऐकली आणि पेटीवर बसवून पाहिली. डी ला सा धरलं तर सगळे स्वर शुद्ध आणि निषाद कोमल, म्हणजे सरळ खमाज थाट झाला. आणि सहा मात्रा, तीन तीनच्या. दादरा! पायानं ताल धरला तर कुठेच अडखळायला होत नाही.

ठेका चुकला

पेटीवाले, सहा मात्रा आहेत हे कबूल पण दादरा म्हणू नका. दादऱ्यात सम आणि खाली असते, धा धी ना धा ती ना, दुसऱ्या तिनाचं वजन वेगळं. जिगमधे दोन्ही तिनांवर जोर येतो कारण नाचणाऱ्याचा पाय दोन्हीकडे पडतो. आणि प्रत्येक तिनातला पहिला स्वर जरा लांबवतात, तिसऱ्यालाही थोडं वजन, मधला चोरून घेतात. तबला लावून बघा, पाच मिनिटात भांडण होईल.

पेटीवाला

बरं बाबा. पण थाट तरी खमाज ना?

ठेका चुकला

थाट हो. राग नव्हे. तिथं कुणी आरोहात रे वर्ज्य करत बसलेलं नाही.

लिमरिककर

आलो. दोघांचंही बरोबर. त्या कोमल निषादाबद्दल (इकडचा सी) एक गंमत, जुने पाइपर तो पेटीतल्यासारखा एका जागी धरतच नाहीत, चँटरवर (पाइप्सच्या वाजवायच्या नळीवर) बोटं कशी ठेवता त्यानुसार तो थोडा वर थोडा खाली जातो. कोमल आणि शुद्धच्या मधे कुठेतरी. पेटीवर तो मिळणार नाही, बासरीवर मिळेल.

तर गिल्बर्ट क्लॅन्सी. क्लेअरमधल्याच मिलटाउन मॅलबे गावाजवळ आयलंडबॉन म्हणून वस्ती आहे तिथला. हा बासरी आणि कॉन्सर्टिना वाजवायचा, गायचाही. तरुणपणी त्यानं बॅरीला भरपूर ऐकलं, आणि बॅरीच्या चाली त्याच्या डोक्यात पक्क्या बसल्या. बॅरी १८९९ ला गेला. गिल्बर्टचा मुलगा विली जन्मला १९१८ च्या ख्रिसमसच्या आदल्या दिवशी, म्हणजे मधे १९ वर्षं. विलीनं बॅरीला ऐकणं शक्यच नव्हतं, पण घरात लहानपणापासून बॅरी असा वाजवायचा, बॅरी तसा वाजवायचा, हेच. पोरगा आधी व्हिसल (पत्र्याची छोटी बासरी) शिकला, मग फ्लूट, आणि बापाकडून बॅरीच्या चाली घेतल्या. पण ज्या वाद्याच्या त्या चाली ते वाद्य काही घरात नाही.

मग १९३६ च्या सुमारास जॉनी डोरान त्या भागात आला. हा भटक्या समाजातला पाइपर, घोडागाडीच्या कॅरव्हॅनमधे बायकापोरांसह फिरायचा आणि जत्रा, रेस असतील तिथं उभा राहून वाजवायचा. विलीनं तो ऐकला आणि झालं. पुढे दोनेक वर्षांत पाइप्स मिळवले, १९४७ ला ओइरॅक्टस या राष्ट्रीय महोत्सवात पाइपिंगचं पहिलं बक्षीस मिळवलं. पेशानं सुतार. काम नाही म्हणून डब्लिन, लंडन करून १९५७ च्या सुमारास मिलटाउनला परत आला आणि २४ जानेवारी १९७३ ला तिथंच गेला, वय अवघं ५४. आपण आज जी जिग ऐकतो ती बहुतेक सगळ्यांकडे कुठून ना कुठून विली क्लॅन्सीकडूनच आलीय.

शेवंता

म्हणजे पाइपर ते फ्लूटवाला ते पुन्हा पाइपर. मधल्या माणसाला पाइप्स येत नव्हते. भारी आहे हे.

पण मला एक कळलं नाही, चाल रचली बॅरीनं ना? की तोही कुणाकडून शिकलेला?

लिमरिककर

शेवंताताई, त्यासाठीच तर धागा काढला. गॅरेट बॅरीज जिग म्हणजे बॅरीनं रचलेली जिग असं समजायचं कारण नाही. इकडे चालीला ज्याच्याकडून ती मिळाली त्याचं नाव चिकटतं. समजा मी तुमच्याकडून एक चाल उचलली, तिचं नाव दोघांनाही आठवत नाही, मी पुढच्याला सांगणार 'ती शेवंताची', झालं, शंभर वर्षांनी शेवंताज जिग.

मॉरिसन्स जिग सगळ्यांना माहिती असते, टिन व्हिसल शिकणारं प्रत्येक पोर वाजवतं. जेम्स मॉरिसन हा स्लायगोचा फिडलवाला, न्यूयॉर्कला स्थायिक. त्यानं ती चाल टॉम कारमोडी या केरीच्या अकॉर्डियनवाल्याकडून घेतली, कारमोडीकडे तिला वेगळंच नाव होतं. पण रेकॉर्ड मॉरिसनची निघाली आणि नाव मॉरिसनचं लागलं. कारमोडीची आठवण आता फक्त नाद असलेल्यांना.

अनाहूत पाहुणा

आपल्याकडे उलट आहे. बंदिशीत रचणारा स्वतःच आपली मुद्रा घालून ठेवतो, 'सदारंग' आलं की कळतं कुणाची. गायक कुणीही असो.

ठेका चुकला

अनाहूत, कारण आपल्याकडे शब्द असतात त्यात मुद्रा घालता येते. जिगला शब्दच नाहीत तर नाव घालणार कुठं. आणि मुद्रेवरही जाऊ नका, सदारंगाच्या नावावर नंतर किती जणांनी काय काय खपवलंय.

उंडगा

सगळं ठीक आहे पण एक शंका. रेकॉर्डिंग नाही, ज्यानं ऐकलं तो पाइपर नाही, ज्यानं वाजवलं त्यानं ऐकलं नाही. मग 'बॅरीची शैली' म्हणून इकडेतिकडे जे लिहिलेलं असतं ते कशाच्या जोरावर? लोककथाच की.

लिमरिककर

उंडग्या, शंका अगदी रास्त. चाल पोचली, स्वर पोचले, शैलीबद्दल मात्र मीसुद्धा जरा हात राखूनच बोलेन. विलीनं ज्यांना प्रत्यक्ष ऐकलं त्यात डोरान होता, नंतर डब्लिनमधे लिओ राउसम आणि शेमस एनिस हे पाइपर (हा एनिस माणूस, गाव नव्हे), एनिस तर पुढे जवळचा मित्र. त्या सगळ्यांचं थोडंथोडं विलीत दिसतं.

इथं जरा वाद्याबद्दल सांगावं लागेल. ह्या पाइप्सना इलिन पाइप्स म्हणतात. तोंडानं फुंकायचं नाही. उजव्या कोपराखाली भाता, डाव्या कोपराखाली पिशवी, भात्यानं पिशवीत हवा भरायची आणि कोपरानं दाब सांभाळायचा. वाजवायची नळी म्हणजे चँटर, तिच्यात सनईसारखी दुहेरी पत्ती, सप्तकं दोन. तीन ड्रोन सतत सा धरून असतात. आणि वर तीन रेग्युलेटर, म्हणजे चाव्या असलेल्या बंद नळ्या, बोटं चँटरवर अडकलेली असताना मनगटाच्या कडेनं त्या चाव्या दाबून साथीचे स्वर काढायचे. हे सगळं बसून. चँटरचं तोंड मांडीवर टेकवलं आणि बोटं बंद केली की आवाज पूर्ण थांबतो, म्हणून स्वर सुटेसुटे, टकाटक काढता येतात. नाहीतर चँटर जरा उचलून धरा, मग स्वर एकमेकांत वाहत जातात. बंद आणि उघडं अशी ही दोन टोकं. डोरान उघडा वाजवायचा, सुसाट. एनिस बराच बंद. विली दोन्ही मिसळायचा.

बॅरी ह्यातला कुठला, हे विलीच्या हातांवरून ओळखता यायचं नाही, कारण गिल्बर्टनं जे दिलं ते फ्लूटमधून आणि गुणगुणून. विलीनं त्या स्वरांना पाइप्सचा साज स्वतःच्या कानानं चढवला. त्यामुळे मला विचाराल तर ऐकू येतं ते विलीचं वाजवणं, बॅरीचं नव्हे. बॅरीचा फक्त चाल निवडण्यातला कान ऐकू येतो. पण तो जबरदस्तच होता, त्याच्याकडून आलेल्या चालीत फालतू चाल सापडत नाही.

गाभुळलेली चिंच

भाता म्हटल्यावर एकदम कळ्ळं. मी आत्तापर्यंत तोंडानं फुंकतात असंच समजत होते, परेडमधे असतात तसे. बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या बँडमधे पाहिलेत लहानपणी.

लिमरिककर

ते स्कॉटिश हायलँड पाइप्स, ब्रिटिश फौजेबरोबर आपल्याकडे आलेले. मैदानावर उभ्यानं वाजवायचे, आवाज एवढा की खोलीत बसवत नाही. इलिन पाइप्स घरात, बैठकीत वाजवायचं वाद्य. शिवाय भात्यातून कोरडी हवा जाते, तोंडाची ओल पत्तीला लागत नाही. पण म्हणून लाडावलेल्या पत्त्या, हवा बदलली की रुसतात. पाइपर अर्धा वेळ वाजवतो अर्धा वेळ पत्ती तासतो हा इकडचा नेहमीचा विनोद.

मस्तानी विदाउट आइस्क्रीम

तिकडच्या आंधळ्या पाइपरचं इथं एवढं कौतुक, आपले सनईवाले लग्नातून हद्दपार होऊन डीजे आला त्यावर कुणी धागा काढत नाही.

शेवंता

काढा की तुम्ही. पहिला प्रतिसाद माझा. ह्या धाग्यात तेच चाललंय खरं तर, नाच बंद झाला की वाजवणारा कुठं जातो.

अनाहूत पाहुणा

शेवंता +१. आणि लिमरिककर, तो १९३५ चा नाचाचा कायदा पण सांगा ना, मागे एकदा त्यावर वाचलं होतं.

लिमरिककर

हो. १९३५ मधे पब्लिक डान्स हॉल्स ॲक्ट आला. सार्वजनिक नाचाला लायसन पाहिजे आणि लायसन कोर्टातून. कायद्यात घरातल्या खाजगी नाचावर सरळ बंदी अशी नव्हती, पण पाद्री आणि पोलीस मिळून तो असा राबवायला लागले की क्लेअरमधे घरातले नाच बंद पाडले, लोकांना कोर्टात खेचलं. मग नाच गेला हॉलमधे, हॉल मोठा म्हणून 'केली बँड' (नाचाला वाजवणारे ताफे) आले, पियानो, ड्रम, आठदहा माणसं. त्या गलक्यात एकट्या पाइपरचं काय काम. ज्युनिअर क्रिहान म्हणून मिलटाउनजवळच्याच मुलाचा थोर फिडलवाला होता (मुला हे गावाचं नाव, कुणाचा मुलगा नव्हे, १९०८ ते १९९८), त्यानं घरच्या नाचांसाठी चक्क एक विलापगीत बांधलं होतं, शब्द नसलेलं.

म्हणजे बघा, बॅरीच्या म्हातारपणी पाइपिंग खालावलं, आणि मग ह्या कायद्यानं उरलंसुरलं. १९६८ ला ब्रेंडन ब्रानख वगैरेंनी ना पीबरी इलिन ही पाइपर लोकांची संस्था काढली तेव्हा वाजवणारे शंभराच्या आसपास उरले असतील असं म्हणतात. त्या सुरुवातीच्या मंडळीत विलीही होता. आता हजारोंनी आहेत, जगभर, आणि २०१७ ला युनेस्कोच्या यादीतही गेलं.

उंडगा

आणि तो डोरान? त्याचं रेकॉर्डिंग तरी आहे का?

लिमरिककर

आहे, थोडक्यात वाचलं. १९४७ मधे फोकलोर कमिशनच्या (लोकपरंपरा जमवणारी संस्था) केव्हिन डॅनहरनं त्याला डब्लिनला बोलावून थोड्या तबकड्या भरून घेतल्या. काहीच महिन्यांनी, १९४८ च्या सुरुवातीला, डब्लिनमधे वादळात एक भिंत त्याच्या कॅरव्हॅनवर कोसळली, कमरेखाली लुळा पडला, १९५० ला गेला. ते सेशन झालं नसतं तर तोही आज बॅरीसारखाच असता, नुसतं नाव. मला त्या तबकड्या ऐकताना सारखी ती भिंत आठवते आणि मग नीट ऐकवत नाही, ते असो.

पेटीवाला

एक तांत्रिक प्रश्न. पूर्ण जिग केवढी असते? मी ऐकलं त्यात एकदम दुसरीच चाल सुरू झाली.

लिमरिककर

दोन भाग, प्रत्येक भाग आठ आवर्तनांचा आणि दोनदा वाजवायचा. म्हणजे ३२ आवर्तनं, नाचाच्या लयीत अर्ध्या मिनिटात संपते. म्हणून तीच दोनतीनदा फिरवतात आणि न थांबता दुसऱ्या जिगमधे उडी मारतात, त्याला सेट म्हणतात. दुसरी कुठली घ्यायची ह्यावर पबमधे रात्री दोन वाजेपर्यंत वाद घालणारे लोक मी पाहिलेत.

प्रत्येक फेरीत तीच चाल जरा वेगळी आली पाहिजे. एखादी मुरकी, एखादा क्रॅन (खालच्या स्वरावर बोटांनी केलेली झटापट, खास पाइप्सची), एखाद्या ठिकाणी आवाज तोडणं. आलाप-ताना वगैरे नाहीत, मोकळीक अगदी टिचभर. पण तेवढ्यात कोण किती मोठा ते कळतं.

गाभुळलेली चिंच

मला शिकायचंय. हसू नका. वय चाळीस प्लस, बोटं पोळ्या लाटायच्या कामाची आहेत.

लिमरिककर

का हसू? टिन व्हिसल घ्या, डी मधली, दहा-पंधरा युरोत मिळते, तिकडे ऑनलाइन मिळेल. इथं शाळेत पहिली-दुसरीपासून पोरांना तीच देतात, माझी लेक वाजवून वाजवून घर डोक्यावर घेते. बोटं चँटरच्या जवळपास तशीच पडतात म्हणून बहुतेक पाइपर तिथूनच सुरू करतात, विलीही तिथूनच.

पाइप्सचा विचार नंतर. आधी प्रॅक्टिस सेट घ्यायचा, नुसता भाता, पिशवी, चँटर. मग ड्रोन लावले की हाफ सेट. मग रेग्युलेटर लावले की फुल सेट. चांगल्या कारागिराकडे नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागतं आणि किंमत ऐकून घरचे बोलायचे बंद होतात. सात वर्षं शिकायचं, सात वर्षं रियाझ करायचा, सात वर्षं वाजवायचं, मग पाइपर, असं इथं म्हणतात.

मस्तानी विदाउट आइस्क्रीम

२१ वर्षं. चिंचताई, बेस्ट लक. (सनईचा धागा टाकलाय, या सगळे तिकडे.)

शेवंता

आम्ही जुलैमधे गॉलवेला नणंदेकडे येतोय दोन आठवडे. मिलटाउन मॅलबेला बघण्यासारखं आहे का काही? मुलं कंटाळणार नाहीत ना?

लिमरिककर

जुलै म्हणालात? मग पहिल्या आठवड्यात जमवाच. विली क्लॅन्सी समर स्कूल असतं, तो गेला त्याच वर्षी, १९७३ ला सुरू झालं, कोविडचा काळ सोडला तर तेव्हापासून दरवर्षी. सकाळी शाळांमधून, लोकांच्या घरांमधून वर्ग, पाइप्सचा, फिडलचा, कॉन्सर्टिनाचा, सेट डान्सिंगचा. दुपारपासून गावातल्या प्रत्येक पबमधे सेशन, म्हणजे एकत्र बसून वाजवायची मैफल, फुटपाथवर पण. पोरं आठ-नऊ वर्षांची असं वाजवतात की लाज वाटते. राहायची जागा गावात आता मिळायची नाही, लोक एक वर्ष आधी बुक करतात, त्यामुळे एनिस नाहीतर लहिंचला रहा आणि गाडीनं या. गावात विलीचा पुतळा आहे. आयनाला मुद्दाम थांबू नका असं म्हणणार होतो पण एनिसकडून याल तर वाटेतच आहे, पाच मिनिटं थांबा.

सेशनमधे बसलात तर दोन नियम: टाळीनं ताल धरायचा नाही, आणि पाइपरच्या उजव्या हाताला खेटून बसायचं नाही, भात्याचं कोपर लागतं. बरगडीत बसतं चांगलं.

पेटीवाला

पेटी आणली तर चालेल का सेशनला?

ठेका चुकला

नाही.

लिमरिककर

आणा हो. त्या सी वरून पाइपर आणि तुम्ही भांडाल तेवढंच, मी शूटिंग करून इथं टाकेन.